जादू, चंद्र आणि जमाखर्च : फँटसी लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायण पेठेतल्या एका गच्चीवर महिन्यातून एका रविवारी आम्ही सात-आठ जण जमतो. सगळे फँटसी लिहितात. मी लिहितो आणि पोटासाठी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे कुणाच्याही कादंबरीत दुसरा चंद्र उगवला की तो आधी माझ्या पुढ्यात येतो. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देऊन घसा बसला, म्हणून हे पान. आधी वाचा, मग विचारा.

जादूच आहे ना, मग भौतिकशास्त्राची कटकट कशाला?

कारण वाचणाऱ्याला आकाश आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. आमच्यातल्या एकाने मोठ्या आवाजात प्रकरण वाचलं होतं. नायिका मध्यरात्री गडाचा बुरूज उतरतेय, डोक्यावर चतुर्थीची नाजूक कोर. चहा घेऊन आलेल्या त्याच्या आई तिथेच थांबल्या. म्हणाल्या, "कुठली चतुर्थी रे? विनायकीची कोर जेवणं आटोपेपर्यंत मावळते. आणि संकष्टीचा चंद्र रात्री नऊ-साडेनऊला उगवतो, तो चांगला जाडजूड असतो, कोर कुठली?"

काकूंनी खगोलशास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नाही. पण चाळीस वर्षं उपाशीपोटी चंद्रोदयाची वाट पाहिली आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर करतो, हे त्यांना पोटातून माहीत आहे. नायिकेच्या बोटांतून निळी आग निघते यावर त्यांनी अवाक्षर काढलं नाही. आग लेखकाची, चंद्र सगळ्यांचा.

मग खोटं किती चालतं?

एक थाप. ती लवकर मारायची, ठणकावून मारायची आणि मग शेवटच्या पानापर्यंत तिच्याशी इमान राखायचं. दुसरी थाप मारावीशी वाटली तर बहुतेक वेळा पहिलीचे परिणाम नीट ओढलेले नसतात.

नियम कडक असले तरी चालतात, विचित्र असले तरी चालतात. "दुपारी १ ते ४ बंद" ही पाटी अख्ख्या शहराने मान्य केली आहेच की. त्रास होतो तो लेखकाच्या सोयीने साडेतीनला दार उघडलं की.

त्या थापेचा जमाखर्च मांडायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, तेव्हा सावकाश घेऊ.

समजा तुमची मांत्रिक हात लावून पाणी उकळते. वीस लिटरचा हंडा घ्या, पाणी २५ अंशांवर. ते १०० अंशांपर्यंत न्यायला साधारण ६,३०० किलोज्यूल लागतात, म्हणजे आहाराच्या भाषेत १,५०० किलोकॅलरी. माणूस दिवसाला दोनेक हजार खातो. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा फार तर पाव भाग कामाला लावतात. तोच दर मांत्रिकेला लावला तर एका हंड्यापायी तिचं तीन दिवसांचं जेवण गेलं. म्हणजे तुमच्या जगातले मांत्रिक एक तर पंगतीत बसल्यावर उठत नाहीत, नाही तर ते काटकुळे आणि चिडके असतात. दोन्ही पात्रं मला चालतील.

शरीरातून नको, तर भोवतालातून घ्या. बारा बाय दहाच्या खोलीत जेमतेम चाळीस किलो हवा असते. हंडाभर पाणी उकळण्याइतकी उष्णता नुसत्या त्या हवेतून काढली तर हवा दीडशे अंशांनी थंड व्हायला हवी. खोलीतली माणसं संपली. त्यापेक्षा पाण्यातून घ्या: दोन हजार लिटरच्या हौदातून एका हंड्याची उष्णता काढली तर हौद फक्त पाऊण अंशाने उतरतो.

आता गंमत बघा. उष्णता थंडाकडून गरमाकडे आपणहून जात नाही. फ्रिज ती नेतो, पण त्याचं वीजबिल येतं. मांत्रिक ती फुकट नेते, ही तुमची थाप. बाकी हिशोब चोख. आणि त्या चोख हिशोबातून शहर उभं राहतं. मांत्रिक पाण्याकाठीच राहणार. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजहून शहरात नळ आणला आणि पेठांतून हौद बांधले, ते आठवा. तुमच्या कथेतल्या पेठेत हौदावर मालकी कुणाची, यावरून खून पडतील. दोन हजार लिटरचा हौद ३३ हंडे उकळले की शून्य अंशांवर येतो, चौतिसाव्याला बर्फ धरू लागतो. पहाटे हौद गोठलेला दिसला की पेठेला कळतं, रात्री कुणी तरी मोठं काम केलं. पुरावा तिथेच. गुप्तहेरही मिळाला, कथानकही मिळालं, आणि मी फक्त गुणाकार केला.

माझा नायक सूर्य थांबवतो. चालेल?

सूर्य थांबवणं म्हणजे पृथ्वी थांबवणं. पुण्याच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,६०० किलोमीटरने पूर्वेकडे धावते आहे आणि आपण, पर्वती, मुठेचं पाणी, हवा, सगळे तिच्याबरोबर. जमीन एकदम थांबवलीत तर बाकीचे थांबणार नाहीत. शत्रूचं सैन्य पूर्वेला फेकलं जाईल खरं, पण तुमचंही.

यावर तोडगा आपल्याकडे फार जुना आहे. जयद्रथवधाच्या दिवशी श्रीकृष्णाने सूर्य थांबवला नाही, झाकला. "हा सूर्य आणि हा जयद्रथ" असं आपण अजून म्हणतो ते त्या झाकलेल्या सूर्याच्या जोरावर. खर्चाच्या दृष्टीने ही जादू किती स्वस्त आहे बघा: पृथ्वीला हात नाही, समुद्र जागच्या जागी, फक्त एका रणांगणापुरता प्रकाश अडवला.

सूर्य झाकायला ग्रहणच वापरायचं असेल तर तिथी अमावास्येची हवी. खग्रास अवस्था जास्तीत जास्त साडेसात मिनिटांची, आणि एकाच गावाला ती सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा मिळते. तुमच्या राजधानीवर तीन पिढ्यांत तीन खग्रास ग्रहणं झाली असतील तर ती कुणी तरी घडवून आणतंय, आणि तुमच्या राजज्योतिषाला तसा संशय आला पाहिजे.

दोन चंद्र हवेत. काय काय बदलेल?

बहुतेक सगळे दोन चंद्र शोभेला टांगतात. एक रुपेरी, एक तांबूस, मुखपृष्ठ छान होतं. पण चंद्र म्हणजे घड्याळ. दुसरं घड्याळ लावलंत तर ते चालवावं लागतं.

एक उदाहरण करून ठेवलंय, हवं तर उचला. आपला चंद्र आहे तसाच ठेवा. दुसरा त्याच्या एकतृतीयांश अंतरावर, वस्तुमान विसावा भाग. घनता तीच धरली तर तो आकाशात आपल्या चंद्रापेक्षा किंचित मोठाच दिसेल. केप्लरच्या नियमाप्रमाणे त्याची एक फेरी सव्वापाच दिवसांची. भरती आणणारं बल वस्तुमानाच्या पटीत वाढतं, पण अंतराच्या घनाने घटतं, म्हणून एवढासा असूनही तो आपल्या चंद्राच्या सव्वापट ते दीडपट भरती आणेल. धाकटा रोज सुमारे साडेपाच तास उशिरा उगवतो. त्याची संकष्टी धरायची तर पंचांगवाल्याला दुप्पट पगार द्या.

धाकट्याची पौर्णिमा दर ५.३ दिवसांनी, थोरल्याची २९.५ दिवसांनी. दोघांची एकत्र पौर्णिमा साधारण एकाआड एक महिन्याने जमते, पण पूर्ण जमत नाही. दर खेपेला धाकटा नऊ-एक तास आधी पुढे निघून जातो. असं सरकत सरकत सव्वा वर्षात जोडपौर्णिमा सम महिन्यांतून विषम महिन्यांत येऊन बसते. या सांध्यावर एखादा "रिता मास" टाकावा लागेल. आपल्याकडे चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ दिवसांचं, म्हणून १९ वर्षांत ७ अधिक मास घालतो. अधिक मासात जावयाला वाण द्यायचं आपण ठरवलं, ते काही चंद्राने सांगितलं नव्हतं. तुमच्या रित्या मासात काय करतात? लग्नं बंद? मंत्र उलटे चालतात? इथे खगोलशास्त्र संपतं आणि तुमचं काम सुरू होतं.

आणखी एक. धाकट्याची कक्षा आपल्या चंद्रासारखीच पाच अंशांनी कललेली असेल, तर जवळ असल्यामुळे दर तीन पौर्णिमांपैकी एकीला तो पृथ्वीच्या सावलीत शिरेल. वर्षाला वीसेक ग्रहणं! त्या लोकांत ग्रहणाची भीती उरणारच नाही. एका मुलीने हे ऐकून तिच्या कादंबरीतलं ग्रहणाचं भय काढून टाकलं आणि उलटं केलं: ज्या वर्षी ग्रहणं कमी होतात, त्या वर्षी लोक घाबरतात. मला हे सुचलं नसतं.

आणि दोन सूर्य?

आकाशात तयार नमुना आहे. अल्फा सेंटॉरी, म्हणजे आपला मित्र तारा, मे महिन्याच्या रात्री पुण्याहून दक्षिण क्षितिजाजवळ दिसतो, मध्ये इमारत नसेल तर. तो एक नसून जोडी आहे. दोघे एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत फिरतात. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ११ पटींपासून ३६ पटींपर्यंत बदलतं.

तुमचा ग्रह थोरल्याभोवती फिरतोय असं धरा. धाकटा सूर्य सर्वांत जवळ असेल तेव्हा तो आपल्या दीड हजारांवर पौर्णिमांइतका उजेड देईल, दूर असेल तेव्हा दीडशेक पौर्णिमांइतका. पोथी वाचता येईल असा. वर्षातले काही महिने तो रात्री वर असणार, काही महिने दिवसा. म्हणजे काळोखी रात्र हा ऋतू झाला. काळी जादू त्याच ऋतूत चालते म्हणालात की कुणी "का" विचारणार नाही. आणि ऐंशी वर्षांच्या फेऱ्यामुळे आजीच्या तरुणपणच्या उजळ रात्री नातीला ठाऊकच नसतील.

फलज्योतिष खरं धरून जादू रचली तर तुम्ही चिडाल का?

मुळीच नाही. खऱ्या आयुष्यात माझं मत स्पष्ट आहे: इथे पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांना पत्रिका देऊन चाचणी घेतली होती, निकाल नाणं उडवण्यापेक्षा सरस आला नाही. पण कथेत ती तुमची थाप असू शकते. मात्र परिणाम कशाने होतो ते ठरवा.

समजा मंगळाचा प्रभाव अंतराच्या वर्गाने घटतो. मंगळ आपल्यापासून कधी साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, कधी चाळीस कोटींवर. म्हणजे त्याच्या जादूत पन्नासपट चढउतार. तो जवळ येतो दर २६ महिन्यांनी, आणि नेमका तेव्हाच तो वक्री, म्हणजे ताऱ्यांमधून उलटा सरकताना, दिसतो, कारण आतल्या मार्गाने पृथ्वी त्याला मागे टाकत असते. ज्योतिषी ज्याला वक्री म्हणून दचकतात, तोच भौतिकीच्या हिशोबात जवळचा, तेजस्वी, जोरकस मंगळ. युद्धाची तयारी २६ महिन्यांच्या तालावर करणारं राज्य मला वाचायला आवडेल. कुणी लिहीत असेल तर सांगा.

माझ्या कादंबरीत हजार वर्षांपूर्वीचं भाकीत आहे. त्यात काही चूक?

भाकीत कशाला टांगलंय त्यावर आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो, एक डोल सुमारे २६,००० वर्षांचा. त्यामुळे संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य आकाशात जिथे असतो ती जागा, ताऱ्यांमधून ७२ वर्षांत एक अंश सरकतो. हजार वर्षांत जवळजवळ एक अख्खं नक्षत्र. मकर संक्रांत जानेवारीच्या १४-१५ तारखेला आणि प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरला, ही फारकत त्याचीच. याच सरकण्यावरून लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन'मध्ये वेदांचा काळ मांडायचा प्रयत्न केला होता. निष्कर्षावर वाद घाला, पण युक्ती बघा: जुन्या ओळीत ऋतू आणि नक्षत्र एकत्र आले की ती ओळ स्वतःची तारीख सांगते.

म्हणून "अमुक तारा या झरोक्यातून दिसेल तेव्हा" असं भाकीत हजार वर्षांनी चुकेल. "सर्वांत लहान दिवशी सूर्यकिरण या झरोक्यातून पडेल" हे मात्र टिकेल, कारण आसाचा कल एवढ्या काळात अंशाच्या सातव्या-आठव्या भागानेच बदलतो. सूर्यावर बांधलेलं भाकीत पक्कं, ताऱ्यावर बांधलेलं कच्चं. तुमच्या खलनायकाला हा फरक कळतो आणि नायकाला कळत नाही, असं करता येईल. ध्रुवाचंही तेच. आजपासून बारा हजार वर्षांनी ध्रुवाच्या जागेजवळ अभिजित तारा असेल.

नायिकेचा संरक्षक तारा विझतो आणि त्याच क्षणी तिची शक्ती जाते. ठीक?

काक्षी, मृगातला तो तांबडा तारा, पाचशेहून अधिक प्रकाशवर्षांवर आहे. आज दिसतो तो प्रकाश शिवाजी महाराजांच्या जन्माआधी निघालेला. म्हणून दोनच पर्याय. शक्ती प्रकाशाबरोबर येत असेल तर तारा मेल्यावरही पाचशे वर्षं ती येत राहील; मेलेल्या ताऱ्याच्या उधारीवर जगणारा पंथ. शक्ती तत्क्षणी पोचत असेल, ही तुमची थाप, तर नायिकेची शक्ती आज जाईल आणि आकाशात तारा तसाच चमकत राहील. ती सांगेल, तो मेला. लोक वर बोट दाखवतील. पाचशे वर्षं तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. दुसरा घ्या.

ड्रॅगन उडेल का?

पृथ्वीवर हत्तीएवढा, नाही. टायटनवर उडेल: शनीच्या त्या चंद्रावर गुरुत्वाकर्षण आपल्या सातव्या भागाइतकं आणि हवा चौपट दाट. तिथे पंख बांधून माणूसही उडू शकेल, थंडीने मेला नाही तर.

कृष्णविवर सगळं ओढून घेतं ना?

नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलंत तर त्याची त्रिज्या तीन किलोमीटर भरेल आणि पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. अंधारात, गोठलेली. मला वाटतं ओढून घेण्यापेक्षा हे जास्त भयानक आहे.

पुण्यात या सगळ्याचं काही बघायला मिळेल का?

टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८८ साली नारळीकरांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली. शहराच्या उजेडातून बाहेर, पानशेतच्या बाजूला एखादी फेब्रुवारीची रात्र काढा आणि अगस्त्य तारा शोधा. गंमत म्हणजे पुण्याहून उत्तरेला ध्रुव साडेअठरा अंशांवर आणि दक्षिणेला अगस्त्य जास्तीत जास्त एकोणीसेक अंशांवर. दोन्हीकडे सारख्या उंचीवर एकेक पहारेकरी. एवढ्यावरून मी एका राज्याच्या दोन सीमा रचल्या होत्या.

पण माझं ऐकाल तर नारायणगावजवळ खोडदला जा. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय मीटरतरंग दुर्बीण लोकांसाठी खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी दाटीने, बाकी सोळा तीन फाट्यांवर, मैलोन्‌मैल द्राक्षबागांच्या आणि उसाच्या मुलखात. सगळ्या मिळून एकच कान. तो इतका तिखट की मोबाइलची कुजबुजही त्याला गोंगाट वाटते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तंत्र बाजूलाच राहिलं. डोक्यात आलं ते असं खोरं, जिथे जादू करायला बंदी आहे, कारण तिथली माणसं काही तरी ऐकत बसली आहेत. काय ऐकतात ते चार वर्षांत अजून ठरलेलं नाही.

हे सगळं कथेत लिहायचं का?

अजिबात नाही. वहीत लिहायचं. कथेत फक्त गोठलेला हौद दिसू दे.

माझं हस्तलिखित वाचून द्याल का?

पहिली तीस पानं, छापील, ओळींत जागा सोडून. सोबत एका कागदावर तुमची थाप एका वाक्यात, आणि चंद्र असतील तितक्यांचे उगवण्या-मावळण्याचे तक्ते. तक्ता नसेल तर पानं काकूंकडे जातात. त्या चहा देतात, पण सोडत नाहीत.